कोकणातल्या घरात थरारपट : कॅमेरा आणि आवाजाची कामं कोणत्या क्रमाने करायची

गुहागरपासून वेंगुर्ल्यापर्यंत आता गावोगाव शॉर्ट फिल्म करणारी मंडळी सापडतात. कोणाकडे मोबाईल, कोणाकडे साधा मिररलेस कॅमेरा, आणि बहुतेकांना पहिली फिल्म थरारपटच करायची असते. साहजिक आहे. आजोळचं कौलारू घर रिकामं पडलेलं असतं, परसदारी विहीर असते, रात्री आठनंतर वाडीत चिटपाखरू फिरकत नाही. सेटवर दमडी खर्च होत नाही. तरीही फिल्म बघताना जीव टांगणीला लागत नाही. अंधार दिसतो आणि मध्येच कानठळ्या बसवणारा एक आवाज येतो, बस्स.

यात कॅमेऱ्याचा दोष क्वचितच असतो. क्रम चुकलेला असतो. आधी रात्रभर जमेल ते शूट करायचं आणि एडिटला बसल्यावर नेटवरून धडधडतं संगीत उतरवून त्याखाली अंथरायचं, ही उलटी वाट आहे. त्याने प्रेक्षक फार तर दचकतो. दचकणं अर्ध्या सेकंदात संपतं. उत्कंठा ताणायची तर प्रेक्षकाला आधी काहीतरी कळलेलं हवं, आणि ते पात्राला कळेपर्यंत त्याला थांबवून ठेवता आलं पाहिजे. म्हणून आधी माहिती ठरवा, मग आवाज, आणि कॅमेरा सगळ्यात शेवटी.

खाली सगळीकडे एकच प्रसंग उदाहरणाला घेतला आहे. वृंदा मुंबईहून गावच्या घरी एकटीच आली आहे. परसदारी जमिनीसरशी तोंड असलेली जुनी विहीर आहे, तिच्यावर लाकडी फळ्या टाकल्या आहेत आणि न्हाणीकडे जायची वाट त्या फळ्यांवरूनच जाते. संध्याकाळी वृंदा ओटीवर फोनवर बोलत असताना कोणीतरी मधल्या दोन फळ्या उचलून नेतं. रात्री लाइट जाते. वृंदा टॉर्च घेऊन न्हाणीकडे निघते.

टप्पा १ : कोणाला काय ठाऊक आहे ते लिहा

एका कागदावर तीन रकाने पाडा: वृंदा, प्रेक्षक आणि फळ्या काढणारा. प्रसंगातली प्रत्येक घटना एकेका ओळीत लिहा आणि ती कोणत्या रकान्यात कधी जाते ते मांडा. फळ्या निघाल्या ही गोष्ट प्रेक्षकाच्या रकान्यात संध्याकाळीच जाते. वृंदाच्या रकान्यात ती रात्री, तेही अगदी शेवटच्या क्षणी जाते. या दोन ओळींमधलं अंतर म्हणजे तुमची उत्कंठा. बाकीची सगळी कारागिरी हे अंतर ताणण्यासाठी.

नवखे लोक हमखास उलटं करतात. फळ्या निघालेल्या प्रेक्षकालाही दाखवत नाहीत, कारण ‘सस्पेन्स फुटेल’ अशी भीती वाटते. मग वृंदा चालते, चालते आणि पडते. प्रेक्षकाच्या दृष्टीने ती मिनिटभर नुसती चालत होती. लपवाछपवी करायचीच असेल तर फळ्या कोणी काढल्या हे लपवा. फक्त हात दिसू द्या. गूढ आणि उत्कंठा दोन्ही एकाच प्रसंगात चालतात, पण कोणती माहिती कुठल्या कप्प्यात टाकायची ते कागदावर ठरलेलं असावं.

तपासा: प्रसंगाच्या मधल्या भागात प्रेक्षकाचा रकाना वृंदाच्या पुढे आहे ना? नसेल तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका. पटकथा परत लिहा.

टप्पा २ : आवाजाची पटकथा

हा टप्पा लोक सरसकट गाळतात, आणि माझ्या मते फिल्म इथेच हातची जाते. शॉट लिहायच्या आधी आवाज लिहा.

आपल्या प्रसंगात वाट तीन प्रकारच्या जमिनीवरून जाते. मागच्या दाराबाहेर जांभ्याचे चिरे, पुढे माडाखाली पडलेला पातेरा, मग विहिरीवरच्या फळ्या. चिऱ्यांवर चपलेचा आवाज कोरडा आणि टणक येतो. पातेऱ्यात चुरचुर होते. फळ्यांवर पाऊल पडलं की खाली पोकळी असल्यामुळे आवाज घुमतो. ही तीन आवाजांची साखळी प्रेक्षकाला आधी शिकवायची आहे. दिवसाच्या प्रसंगात वृंदा बादली घेऊन न्हाणीकडे जाते, तेव्हा हे तिन्ही आवाज स्वच्छ, एकामागून एक ऐकू येऊ द्या. संगीत नको, संवाद नको. प्रेक्षकाला काही शिकवलं जातंय याचा पत्ताही लागत नाही, पण कान लक्षात ठेवतो.

रात्री कॅमेरा वृंदाच्या चेहऱ्यावर आहे, पाय दिसत नाहीत. चिरे ऐकू येतात, मग पातेरा. प्रेक्षक आता फळीच्या आवाजाची वाट पाहतो. एक फळी घुमते. वृंदा थांबते, कारण फोन वाजला. आता हा फोन कितीही लांबवा, प्रेक्षक श्वास रोखून बसेल. इथे संगीत घातलंत तर पावलं बुडतील आणि केलेली मेहनत वाया जाईल.

कोकणातल्या रात्रीने फुकट दिलेला दुसरा आवाज रातकिड्यांचा. माणूस जवळ आला, जमीन हलली की जवळचे रातकिडे गप्प होतात. गावात वाढलेल्या कोणालाही हे अंगवळणी असतं. अंगणात कोणी आलं हे कुत्र्याच्याही आधी त्या शांततेवरून कळतं. थरारपटात हे सोन्यासारखं आहे: वृंदा माजघरात बसली आहे, बाहेर किरकिर चालू आहे, आणि ती एकाएकी थांबते. पण यात एक तांत्रिक अडचण आहे. संवाद रेकॉर्ड करताना मागे रातकिडे असतील तर ते एडिटमध्ये ‘थांबवता’ येत नाहीत. त्यांची किरकिर साधारण ४ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असते आणि स, श, च यांसारख्या व्यंजनांची धारही त्याच भागात असते. एक काढायला गेलात की दुसरं बोथट होतं. म्हणून तो प्रसंग दारं-खिडक्या लावून, शक्यतो दिवसा, खिडक्यांवर काळं कापड टाकून शूट करा आणि रातकिडे नंतर वेगळ्या ट्रॅकवर घाला. थांबवायचे ते तुमच्या मर्जीने थांबतील.

आवाजाच्या यादीत प्रत्येक आवाजापुढे एवढं लिहा: तो फ्रेमच्या आत आहे की बाहेर, प्रेक्षकाने तो आधी ऐकला आहे का, आणि तो कधी थांबतो. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. आवाज सुरू कसा करायचा हे सगळे ठरवतात, थांबवायचा कधी हे कोणी ठरवत नाही.

इशारा: कोल्हेकुई, घुबड, करकरणारं दार आणि कुत्र्याचं रडणं एकाच रात्री घालू नका. त्यातलं एकच निवडा आणि त्याला काम द्या.

टप्पा ३ : रेकी (जागेची पाहणी), एकाच जागेची तीन वेळा

जागा दुपारी बघून पसंत करायची आणि थेट रात्री युनिट घेऊन जायचं, असं करू नका. दुपारी, दिवेलागणीला आणि रात्री दहानंतर अशी तीन वेळा जा. दर वेळी परसदारी उभं राहून डोळे मिटून पाच मिनिटं नुसतं ऐका आणि लिहून काढा.

दुपारी समुद्राकडून खारे वारे येतात आणि माडाच्या झावळ्या सतत सळसळतात. ती सळसळ माइकमध्ये पावसासारखी ऐकू येते. बाहेरचे संवाद सकाळी दहाच्या आत किंवा रात्री वारा पडल्यावर उरका. घर किनाऱ्याजवळ असेल तर गाज चोवीस तास असते, पण ती सारखी नसते. भरतीला पाणी वर आलं की ती जवळून येते, ओहोटीला लांब जाते. एकाच प्रसंगाचे दोन शॉट सहा तासांच्या अंतराने घेतलेत तर कट लागला की समुद्र मागे-पुढे उडी मारतो.

भरतीची वेळ काढायला कोळ्यांचा जुना हिशेब पुरतो: तिथीला पाऊणने गुणा, येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, दशमीला साडेसातला. पौर्णिमा-अमावास्येला साधारण सव्वाअकरा ते बारा. सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी आणि रोज सगळं साधारण पन्नास मिनिटांनी पुढे. अर्धा तास इकडे-तिकडे धरून चाला, आणि पाण्यात उतरायचं असेल तर छापील भरती-ओहोटीचं वेळापत्रकच बघा. किनाऱ्यावर मावळतीचा प्रसंग असेल तर हा हिशेब थेट कामाला येतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मावळतीला ओहोटी असते, त्यामुळे लांबलचक ओली पुळण (वाळूचा किनारा) मिळते. अष्टमीला पाणी पुळणीवर चढलेलं असतं. पाठलागाला पहिली वेळ बरी, कोंडीत सापडलेल्या पात्राला दुसरी.

कॅलेंडरमध्ये तिथीबरोबर गावचे कार्यक्रमही बघा. शिमग्यात ढोल रात्रभर वाजतात, जत्रेत दशावतार पहाटेपर्यंत चालतो, गणपतीत आरत्या. त्या दिवसांत शूटिंग ठेवलंत तर गावाला दोष देऊ नका. पावसाळ्यात कौलांवरचा पाऊस आणि बेडूक यांच्यापुढे थेट आवाज जवळपास अशक्य आहे. डबिंग करावं लागेल असं धरूनच चाला.

घरातली यादी छोटी आहे: फ्रिज, इन्व्हर्टरची घरघर, पंखा, पंप, भिंतीवरचं घड्याळ. फ्रिज बंद केलात की गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवा, म्हणजे तो परत चालू केल्याशिवाय कोणी घरी जाणार नाही. घरमालकाची सुरमई नासली की ते घर पुढच्या फिल्मला मिळत नाही.

परवानग्या लेखी घ्या. घरमालकाची संमती, ग्रामपंचायत, आणि रात्री आरडाओरड किंवा नकली हत्यार असेल तर पोलीस ठाण्याला पत्र. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग यांसारखे किल्ले भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहेत, तिथे शूटिंगला परवानगी लागते. पहिल्या फिल्मला त्या भानगडीत पडू नये असं मला वाटतं. ड्रोन तर आणूच नका. आकाशातून दिसणारं माडांचं बन सुंदर असतं, पण त्या शॉटमध्ये कोणी कोणाला घाबरत नाही.

सावधान: रात्री उघड्या विहिरीजवळ शूटिंग करू नका, कितीही भरवशाची माणसं असोत. खऱ्या विहिरीपासून लांब, सपाट जमिनीवर दोन दगडांवर फळ्या टाकून रात्रीचे शॉट घ्या. विहिरीच्या आतला शॉट दिवसा, कॅमेरा दोरीला बांधून आणि माणसं मागे ठेवून. पातेऱ्यात फुरसं (छोटा विषारी साप) असू शकतं. वाट आधी काठीने झाडून घ्या, युनिटमधल्या सगळ्यांच्या पायात बूट हवेत, आणि सर्पदंशावरचं औषध (प्रतिविष) जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात मिळतं हे शूटिंगच्या आदल्या दिवशी विचारून ठेवा.

टप्पा ४ : कॅमेऱ्याची सेटिंग आणि उजेड

सेटिंगचं थोडक्यात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून २५ फ्रेम प्रतिसेकंद आणि शटर १/५० सेकंद ठेवा, म्हणजे बहुतेक दिवे फडफडत नाहीत. स्वस्त एलईडी बल्ब तरीही फडफडू शकतात, म्हणून आधी तपासून बघा. एक्सपोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक करा. मोबाईल ऑटोवर असेल तर टॉर्च फिरला की चित्र भगभगतं आणि काळोख राखाडी होतो. मोबाईलचं मूळ कॅमेरा ॲप हे लॉक करू देत नसेल तर करू देणारं ॲप टाका.

उजेडाबद्दल जास्त बोलायला हवं, कारण इथला घोटाळा ठरलेला आहे. ‘रात्र आहे’ म्हणून दिवाच लावत नाहीत, आयएसओ (उजेड टिपायची कॅमेऱ्याची संवेदनशीलता) वाढवतात आणि चित्रभर दाणे नाचतात. पडद्यावरची रात्र म्हणजे उजेडाचा अभाव नव्हे. थोडा उजेड, तोही एकाच बाजूने, आणि बाकी काळं. चेहरा नेहमीपेक्षा एक ते दोन स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) कमी उजळ ठेवून शूट करा. आणखी काळं करायचं असेल तर एडिटमध्ये करता येतं. जे रेकॉर्डच झालं नाही ते परत आणता येत नाही.

बाहेरचे मोठे शॉट, म्हणजे घर, माड आणि परसदार एकत्र दिसतील असे, पूर्ण अंधारात घेऊ नका. सूर्य बुडाल्यावर साधारण २० ते २५ मिनिटं आभाळात निळसर उजेड असतो, त्यात घ्या. आपल्याकडे डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास बुडतो, मे अखेरीस सातच्या. कॅमेरा तासभर आधीच लावून ठेवा. त्या वीस मिनिटांत फार तर दोन-तीन शॉट होतात, चौथ्याचा मोह धरू नका. त्या शॉटमध्ये घरातला एक बल्ब चालू ठेवा. खिडकीतल्या पिवळ्या उजेडामुळेच बाहेरचं आभाळ रात्रीचं वाटतं.

टॉर्च हा या प्रसंगाचा खरा दिवा. आजकालचे एलईडी टॉर्च इतके प्रखर असतात की भिंतीवर पांढरा ढब्बू गोळा उमटतो. काचेवर बटर पेपर चिकटवा. टॉर्च दोन-तीन मीटरवरच्या भिंतीवर मारून त्या उजेडावर एक्सपोजर लॉक करा. वृंदाच्या चेहऱ्यावर उजेड हवा असेल तर तिने टॉर्च जवळच्या चुन्याच्या भिंतीवर मारावा, परतणारा उजेड चेहऱ्यावर पुरेसा पडतो. कंदील दाखवायचा असेल तर खऱ्या वातीचा उजेड कॅमेऱ्याला कमी पडतो. आत छोटा एलईडी बसवून त्यावर नारिंगी जिलेटिन (दिव्यावर लावायचा रंगीत पारदर्शक कागद) लावा.

तपासा: एसीच्या खोलीतून किंवा गाडीतून कॅमेरा बाहेर काढलात की दमट हवेत लेन्सवर वाफ धरते. अर्धा तास आधी बॅगेसकट बाहेर ठेवा. किनाऱ्यावर दर तासाला लेन्सची पुढची काच बघा, खारे तुषार बसून चित्र दुधाळ होतं आणि छोट्या स्क्रीनवर ते लक्षातच येत नाही.

टप्पा ५ : शॉट कोणत्या क्रमाने घ्यायचे

१. भूगोलाचा शॉट. दिवसाउजेडी, एकही कट न करता, वृंदा मागच्या दारातून न्हाणीपर्यंत जाते. प्रेक्षकाला दार, माड, विहीर आणि न्हाणी यांचा क्रम आणि अंतर कळलं पाहिजे. रात्री तो जे घाबरणार आहे ते या माहितीच्या जोरावर. हा शॉट कंटाळवाणा वाटतो म्हणून गाळला जातो, आणि मग रात्री वृंदा कुठे चालली आहे हेच कळत नाही. ती डावीकडून उजवीकडे गेली असेल तर रात्रीही तशीच जाईल. कॅमेरा वाटेच्या एकाच बाजूला ठेवा.

२. फळ्या काढण्याचा शॉट. संध्याकाळी, कॅमेरा गुडघ्याएवढ्या उंचीवर, ट्रायपॉडवर. मागे ओटीच्या बाजूने वृंदाचं फोनवरचं बोलणं ऐकू येतं, पुढे हात फळी उचलतात. दोन्ही गोष्टी एकाच शॉटमध्ये असल्याने वेगळं काही सांगावं लागत नाही. ट्रायपॉडच्या पायांच्या जागी खडूने खुणा करा, लेन्स आणि उंची लिहून ठेवा.

३. रात्रीचा तोच कोन. तीच जागा, तीच उंची, तीच लेन्स, फक्त अंधार आणि लांब येणारा टॉर्च. कोन जसाच्या तसा परत आला की प्रेक्षकाला फळ्यांची आठवण करून द्यावी लागत नाही. सगळ्या प्रसंगात माझा आवडता शॉट हाच, आणि खर्च खडूचा. (खऱ्या विहिरीऐवजी खोटी मांडणी वापरत असाल तर वरचा क्रमांक २ चा, फळ्या काढण्याचा शॉटही त्याच मांडणीवर घ्या, नाहीतर कोन जुळणार नाही.)

४. चेहऱ्याचा लांब क्लोज. छातीपासून वर, कॅमेरा तिच्या पुढे मागे-मागे सरकतो. पाय दिसता कामा नयेत. हा शॉट चांगला मिनिटभर चालू द्या, कापायचा की नाही ते नंतर. नटीला पावलं कुठे थांबवायची ते सांगा, पण घाबरायला सांगू नका. वृंदाला काहीच माहीत नाही. ती लाइट गेली म्हणून वैतागली आहे, फोन वाजला की थांबून आईशी बोलते. नटी घाबरलेली दिसली की टप्पा १ मधलं अंतर मिटलं.

५. पाय आणि फळी एकत्र दिसणारा शॉट. हा एकदाच वापरायचा, अगदी शेवटी. आधी वापरलात तर आवाजाला काम उरत नाही.

हातात कॅमेरा धरून हलवल्याने भीती वाढते हा गैरसमज सोडा. स्थिर चौकटीत प्रेक्षक कोपरे शोधत बसतो. हलत्या चौकटीत त्याला फक्त मळमळतं. वृंदाच्या नजरेचा एखादा शॉट हातात धरून घ्या, बाकी ट्रायपॉड. संथपणे पुढे सरकणारा शॉट हवा आणि स्लायडर नसेल तर कोब्याच्या जमिनीवर गोणपाट, गोणपाटावर पाट आणि पाटावर कॅमेरा ठेवून दोघांनी सावकाश ओढा. कोबा गुळगुळीत हवा, भेगा असतील तर हा नाद सोडा.

जुन्या घरात ओटी, माजघर आणि मागचं दार पुष्कळदा एका रेषेत असतात. वृंदाला माजघरात बसवा आणि तिच्या मागे उघडं, काळं दार फ्रेममध्ये राहू द्या. प्रेक्षकाची नजर त्या दारावर खिळते. तिथून कोणालाही आणू नका. दुसऱ्यांदा तीच फ्रेम आली आणि दार बंद दिसलं, तर तेवढ्याने काम होतं.

तपासा: प्रत्येक शॉटच्या आधी आणि नंतर पाच सेकंद जास्त रोल करा. ‘कट’ म्हणायची घाई केली की एडिटमध्ये थांबायला जागा राहत नाही, आणि या प्रकारच्या फिल्मला थांबणंच लागतं.

टप्पा ६ : आवाज रेकॉर्ड करताना

युनिट चार जणांचं असलं तरी एक माणूस फक्त आवाजाचा, कानाला हेडफोन लावलेला. त्याला चहा आणायला पाठवू नका. ‘आवाज खराब’ म्हटल्यावर टेक परत घ्यायचा अधिकार त्याला द्या.

रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर ठेवा. संवादाची वरची टोकं मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या, किंचाळी असेल तर त्या टेकपुरती पातळी आणखी उतरवा. फाटलेला आवाज दुरुस्त होत नाही. बाहेर माइकवर नुसता स्पंज पुरत नाही, केसाळ आवरण लागतं. वारा आणि गाजेचा घुमणारा भाग काढायला ८० हर्ट्झचा लो-कट चालू करा, मात्र गाज हाच विषय असेल तेव्हा तो बंद ठेवा. दमट हवेत कंडेन्सर माइक कधी कधी तडतडतात. काम झालं की सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात.

ठिकाणं बदललीत की दर ठिकाणी, सगळ्यांना गप्प उभं करून, दोन मिनिटं नुसती शांतता रेकॉर्ड करा. माजघराची, ओटीची आणि परसदाराची वेगवेगळी, आणि रात्र चढत गेली तर पुन्हा, कारण रातकिड्यांचा सूर तासातासाला बदलतो. ही शांतता नसेल तर एडिटमध्ये प्रत्येक कटला मागचा आवाज उडी मारेल. हे काम शूटिंग संपल्यावर करू म्हणाल तर कोणी थांबत नाही, सगळ्यांना जेवायचं असतं. प्रत्येक जागेवर पहिल्या टेकच्या आधी उरका.

पावलं वेगळी रेकॉर्ड करा. शूटिंगच्या आवाजातली पावलं जवळजवळ कधीच पुरेशी नसतात. दुसऱ्या दिवशी सकाळी, वारा नसताना, माइक जमिनीपासून हातभर वर धरा. जांभ्याच्या चिऱ्यावर, पातेऱ्यात आणि फळ्यांवर तीच चप्पल घालून चाला: संथ, नेहमीचं, थबकत आणि धावत. पातेरा सुका हवा. दवाने ओला असेल तर चुरचुर होत नाही, नुसतं फतफत ऐकू येतं. उन्हं चढेपर्यंत थांबा. फळ्यांखाली पोकळी राहील अशी मांडणी करा. पोकळी वाढवली की आवाज खोल घुमतो, तो फिल्ममधल्या विहिरीला शोभला पाहिजे.

टप्पा ७ : एडिट

पहिला कट संगीताशिवाय लावा. संवाद, पावलं आणि शांतता एवढ्यावर प्रसंग उभा राहत नसेल तर दोष चित्रात किंवा आवाजाच्या पटकथेत आहे. संगीत तो झाकतं, भरून काढत नाही.

मग आवाज चित्राच्या आधी आणायला शिका. पुढच्या शॉटचा आवाज आधीच्या शॉटवर दहा-बारा फ्रेम लवकर सुरू झाला की प्रेक्षक स्वतःहून पुढे झुकतो. वृंदा माजघरात बसलेली दिसते आहे, आणि फळीचा आवाज आला आहे. मग कट. उलटही करून बघा: चित्र परसदारात गेलं, पण माजघरातल्या घड्याळाची टिकटिक सेकंदभर मागे रेंगाळली.

मोठ्या क्षणाच्या आधी शांतता हवी म्हणून ट्रॅक शून्य करू नका. शून्य म्हणजे प्रेक्षकाला स्पीकर बंद पडल्यासारखं वाटतं. रातकिडे आणि गाज दहा-पंधरा सेकंदांत हळूहळू सहा डेसिबलने उतरवा. उतरलेलं कोणाला कळत नाही, पण वृंदाचा श्वास आपोआप जवळ येतो. त्यानंतर येणारी साधी फळीची करकरही पुरते, मोठा धमाका लागत नाही.

संगीत वापरायचंच असेल तर प्रसंग संपल्यावर वापरा, किंवा अगदी खालच्या पट्टीत एकच सूर. ‘खोल गडगडाट’ नावाखाली मिळणारे ४०-५० हर्ट्झचे आवाज मोबाईलच्या स्पीकरवर ऐकूच येत नाहीत, आणि तुमचे बहुतेक प्रेक्षक फिल्म मोबाईलवरच बघणार आहेत. त्या आवाजावर भीती अवलंबून ठेवली असेल तर ती त्यांच्यापर्यंत पोचणार नाही. शेवटच्या मिक्समध्ये (सगळे आवाज एकत्र केलेल्या ट्रॅकमध्ये) आवाजाची टोकं उणे एक डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. यूट्यूबसाठी सगळंच मोठ्याने वाजवून फायदा होत नाही, फार मोठा आवाज ते स्वतःच खाली आणतं. उपयोगी पडतो तो लहान आणि मोठ्या आवाजातला फरक.

तपासा: मिक्स तीन ठिकाणी ऐका. मोबाईलचा स्पीकर, साधे इअरफोन आणि घरचा टीव्ही. फळीचा आवाज तिन्हीकडे ओळखू आला पाहिजे. मोबाईलवर तो नुसता ‘टक्’ वाटत असेल तर त्यातला मधला भाग, साधारण ३०० ते ८०० हर्ट्झ, थोडा वर घ्या.

टप्पा ८ : चाचणी

युनिटबाहेरची दोन माणसं बोलवा. कथा सांगू नका. पहिल्याला प्रसंग आवाज बंद करून दाखवा, दुसऱ्याला चित्र झाकून फक्त ऐकवा. पहिल्याला वृंदा कुठून कुठे चालली आहे हे सांगता आलं पाहिजे, दुसऱ्याला पावलं तीन प्रकारच्या जमिनीवर पडली हे.

नंतर तिसऱ्या माणसाला पूर्ण प्रसंग दाखवा आणि वृंदाचा फोन वाजतो तिथे थांबवा. विचारा, आता काय होणार? ‘ती पडणार’ असं उत्तर आलं आणि माणूस पुढे दाखवा म्हणून मागे लागला, तर प्रसंग जमला. ‘भूत येणार बहुतेक’ म्हणाला तर फळ्या काढण्याचा शॉट फार लहान झाला आहे किंवा अंधारला आहे, तो तीन-चार सेकंदांनी वाढवा. ‘कोण आहे ती? कुठे चालली आहे?’ असं विचारलं तर भूगोलाचा शॉट कापताना हात जास्त चालला, तो परत पूर्ण लावा. आणि प्रेक्षक फोन हातात घेऊन मेसेज बघायला लागला, तर चेहऱ्याच्या लांब क्लोजमध्ये पावलांचा आवाज पुरेसा वर आहे का ते आधी बघा. बहुतेक वेळा तो संगीताखाली गाडला गेलेला असतो.